देणाऱ्यांचं घर

राग आला की अप्पांचा आवाज चढत नसे. ते फक्त चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवत. मग घरातल्या सगळ्यांना कळायचं, की आता हा माणूस कोणाचं काही वाचणार नाही आणि कोणाकडे बघणारही नाही. त्या रविवारी जेवणं उरकली, टेबल पुसून झालं आणि सूनबाईने अर्जाचे कागद सासऱ्यांपुढे ठेवले. अप्पांनी पहिलं पान वाचलं, दुसऱ्या पानावर मध्यापर्यंत आले आणि चष्मा काढला.

चष्मा सूनबाईच्याच चष्म्यांच्या दुकानातला होता. काचा तिनेच घासून बसवल्या होत्या. पण त्या वेळी तिला तेवढ्यानेही धीर आला नाही.

"हे डोंगरातलं गाव म्हणजे आपलं तेच ना?" अप्पांनी विचारलं.

"हो, तेच."

"आणि ते आपल्याला पैसे देणार?"

"त्यांच्या क्लबने ठराव केलाय, अप्पा. रक्कम लहान आहे, पण..."

"ज्यांना मी पाणी दिलं, त्यांच्या दारात जाऊन तू हात पसरलास."

खोलीत सगळेच होते. सासूबाई खिडकीशी एक चाकांची खुर्ची उलटी करून तिच्या ब्रेकचा स्क्रू आवळत होत्या. नणंद सोफ्यावर, दीर दाराला टेकून उभा, आणि नवरा नेहमीसारखा जिथून पटकन उठून जाता येईल अशा जागी.  स्क्रू करकर वाजत राहिला.

इथला समाजसेवेचा क्लब अप्पांनी चौतीस वर्षांपूर्वी आणखी सहा जणांना घेऊन काढला होता. सगळे हाताने काम करणारे. अप्पा नळकामाचे कंत्राटदार, बाकी कोणी सुतार, कोणी न्हावी, कोणी छापखान्यातला. दर मंगळवारी अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत बैठक व्हायची. पैसा उभा करायची रीतही तेव्हापासून तीच. वर्षातून एकदा जुन्या पुस्तकांची विक्री, दोनदा चौकात गाड्या धुणं, एक गाण्याची मैफल. जे जमेल त्याचे तीन वाटे. पहिला आपल्या शहरासाठी, त्यातून चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या यायच्या, आणि सासूबाई गॅरेजमधून त्या गरजूंना वापरायला द्यायच्या. दुसरा तरुणांसाठी, त्यातून धाकट्या दिराची कार्यशाळा चालायची. शाळेतून गळालेली मुलंमुली तिथे लेथ चालवायला आणि वेल्डिंग करायला शिकत. आणि तिसरा वाटा परदेशातल्या त्या डोंगरातल्या गावासाठी. एकोणीस वर्षांपूर्वी अप्पा स्वतः तिथे गेले होते, झऱ्यापासून चौकापर्यंत नळ त्यांनी आपल्या हाताने टाकला होता. त्यानंतर अकरा वेळा गेले. त्या गावाचं नाव निघालं की अप्पांची पाठ ताठ व्हायची.

सात आठवड्यांपूर्वी नदी शहरात शिरली. तळघरातल्या कार्यशाळेत तीन दिवस छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरलं तेव्हा पाच लेथ चिखलाखाली गंजत होते आणि भिंतीतली वायर न् वायर गेली होती. ते सगळं पुन्हा उभं करायचं तर क्लबच्या तीन वर्षांच्या पुस्तकविक्रीनेही भागलं नसतं.

एकच रस्ता होता. अशा देशोदेशीच्या क्लबांच्या मुख्यालयाकडे एक निधी होता. तुम्ही घालाल त्याच्या तिप्पट आम्ही घालू, असं ते म्हणत. अट अशी, की दुसऱ्या देशातला एक क्लब भागीदार हवा आणि त्यानेही आपला वाटा घातला पाहिजे, मग तो कितीही लहान असो. अर्जाची मुदत त्याच रविवारी संध्याकाळी पाचची होती. अर्जावर तीन विश्वस्तांच्या सह्या लागत. अप्पांची, वकील असलेल्या लेकीची आणि त्या वर्षीच्या अध्यक्षाची. त्या वर्षी अध्यक्ष सूनबाई होती. तिची सही झाली होती.

"मी हात पसरला नाही," ती म्हणाली. "पुरामुळे यंदाचा हप्ता उशिरा येईल, एवढंच मी त्यांना कळवलं होतं. त्यांनी उलट विचारलं, तुम्हाला किती लागतात? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आम्ही भागीदार झालो तर चालेल का?"

"आणि तू हो म्हणालीस."

"मी नाही म्हणाले नाही."

"वकिलाला शोभेल असं उत्तर आहे," नणंद म्हणाली, आणि हसली नाही. "कधीची गोष्ट ही?"

"चार आठवडे झाले."

"चार आठवडे! आणि आम्हाला आज, दोन तास उरले असताना कळतंय. वहिनी, मी तुम्हाला विश्वस्त म्हणून विचारते..."

'तू'चं 'तुम्ही' झालं तेव्हा सूनबाईला कळलं, की नणंदेचं, म्हणजे ताईंचं, बिनसलं. पण त्याहून जास्त तिला दिराची भीती होती. तो तिच्या बाजूचा, असं तिने धरून ठेवलं होतं. कार्यशाळा त्याचीच तर होती.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा."

दीर दारातून हलला नाही. "काय सांगू? गेल्या चार आठवड्यांत मी रोज त्या पोरांना सांगतोय की काही कळलं नाही, अजून काही कळलं नाही. सव्वीस जण होते. आता एकवीस उरलेत. जी मुलगी डोळे मिटून स्क्रूचे आटे पाडायची, ती बाजारात पेट्या उचलते. आणि तुला माहीत होतं, वहिनी. मला एक शब्द बोलली असतीस तर मी तिला थांबवलं असतं."

"होईलच याची खात्री नव्हती. आधी विचारलेल्या तीन परदेशी क्लबांनी नकार दिला होता. तुम्हाला पुन्हा आशा लावून..."

"माझ्या आशेची काळजी तू कशाला करतेस? माझं काम काय ते मला करू दे."

हे तिच्या वर्मी लागलं, कारण खरं होतं. तिने मान खाली घातली.

ताई उठून टेबलाशी आल्या. बोलू लागल्या की त्यांचा हात आपोआप कोर्टातल्यासारखा हलायचा. "मी सरळ मार्ग सांगते. यंदाचा तिसरा वाटा अजून पाठवलेला नाही. त्यांच्या दवाखान्यात लसी ठेवायच्या फ्रीजसाठी जमवलेला पैसा बँकेत पडून आहे. तो इकडे वळवा. आधी आपलं घर, मग जग. दोन लेथ तरी चालू होतील. कोणाचे उपकार नकोत आणि कोणाचा फॉर्म नको."

"दोन लेथवर एकवीस पोरं?" दीर म्हणाला, पण त्याच्या आवाजात नकार नव्हता. तो मनातल्या मनात पाळ्या लावत होता, हे सूनबाईला दिसलं.

"नाही," अप्पा म्हणाले.

"अप्पा, व्यवहार बघा ना..."

"शब्द दिलाय. फ्रीज जाणार. त्या पैशाला हात लावायचा नाही."

"मग कार्यशाळा?"

"तीन वर्षं लागली तर लागतील. आपण आपल्या हिमतीवर उभी करू. पहिल्यांदा तरी काय होतं आपल्याकडे?"

"तीन वर्षांत माझी पोरं बाप्ये होतील, अप्पा!" दीर पहिल्यांदाच ओरडला. "तुमची हिंमत त्यांच्या काय कामाची?"

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. चष्मा नसल्यामुळे त्यांना तो तसाही धूसरच दिसत असणार. "मदत घेतलेल्या माणसाकडून मदत घ्यायची नसते," ते शांतपणे म्हणाले. "त्याच्या तोंडचा घास असतो तो. आपण देणारे आहोत. या घराला दुसरं काही येत नाही."

सूनबाई लग्न होऊन या घरात आली त्याला सतरा वर्षं झाली होती. 'आपण देणारे' हे वाक्य तिने शंभरदा ऐकलं असेल. भाषणात, वाढदिवसाला, नातेवाइकांपुढे. दर वेळी ती उठून काहीतरी आवरायला निघून जायची. त्या दिवशी उठायची म्हणून तिने खुर्ची मागे सरकवलीही. मग तशीच बसली.

"अप्पा, मी तुमच्याकडून कोट घेतलाय," ती म्हणाली.

"कसला कोट?"

"मी अकरा वर्षांची होते. माझे वडील क्रेनवरून पडले, त्याच्या पुढच्या थंडीत. क्लबने शाळेच्या सभागृहात कोट वाटले होते. नाव पुकारायचं, आम्ही पायऱ्या चढून वर यायचं. कोट तुम्ही दिलात. फोटो दोनदा काढावा लागला, कारण पहिल्यांदा मी खाली बघत होते. तुम्ही म्हणालात, 'वर बघ बेटा, लाजायचं काय त्यात.'"

अप्पांच्या कपाळावर आठी पडली. आठवत नव्हतं, हे स्पष्टच होतं. त्यांनी असे शेकड्यांनी कोट दिले होते.

नवरा आता नीट बसला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस. कोट मिळाला होता एवढं म्हणाली होतीस."

"एवढंच सांगण्यासारखं होतं," ती म्हणाली. "खिशावर क्लबचा बिल्ला शिवलेला होता. घरी गेल्या गेल्या मी तो ब्लेडने उसवला. कापड फाटलं. आईने आधी मारलं, मग रडत रडत रफू केलं. कोट उबदार होता, अप्पा. तीन हिवाळे वापरला. मी कृतघ्न नाही. पण वर्गातल्या ज्या मुलीचे वडील क्लबात होते, तिच्याशी मी पुन्हा कधी भांडू शकले नाही. आमचं रोज भांडण व्हायचं आधी. छान व्हायचं."

दिराला हसू आलं, आणि त्याने ते गिळलं.

"मग काय करायला हवं होतं मी?" अप्पा म्हणाले. त्यांच्या प्रश्नात राग नव्हता. नळ का गळतो हे विचारताना असावा तसा तो प्रश्न होता. "कोट द्यायला नको होता?"

"द्यायलाच हवा होता. पण त्या वर्षी माझी आई पुस्तकविक्रीत काम करते म्हणून विचारायला आली होती. शिवणकाम करायची ती. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे शिवून देते म्हणाली. तिला सांगण्यात आलं, 'तुम्ही कशाला बाई, तुमच्यावर आधीच केवढं संकट. घरी आराम करा.' चांगल्या मनानेच सांगितलं असेल. आई घरी येऊन एवढंच म्हणाली, की आपण त्यांच्या उपयोगाचे नाही."

स्क्रूचा आवाज थांबला.

"ते मी म्हणाले होते," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

"आई, मला माहीत नाही कोण..." सूनबाई त्यांना म्हणाली.

"मला माहीत आहे ना. विक्रीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. उंच बाई, हाताला सुयांच्या खुणा. मला वाटलं, मी किती मनाचा मोठेपणा दाखवते आहे." त्यांनी पान्हा मांडीवर ठेवला. "आणि ती तुझी आई. सतरा वर्षं माझ्या घरात येते, जाते. एकदा बोलली नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलली."

"बघा," सासूबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लोक किती कष्ट घेतात."

 मग जो या घरात सहसा बोलत नसे तो बोलला. सूनबाईचा नवरा बस आगारात गाड्यांच्या वेळा लावायचा, आणि त्याचं बोलणंही वेळापत्रकासारखंच असायचं, मोजकं आणि अंकांत.

"अप्पा, नळ टाकल्यानंतर तुम्ही तिकडे अकरा वेळा गेलात. किती वेळा कोणाच्या घरी जेवलात?"

"वेळ कुठे असायचा. समारंभ, भाषणं..."

"शून्य वेळा," तो म्हणाला.

अप्पांनी बोटांनी टेबलाची कड चाचपली. मग म्हणाले, "मला त्यांच्याशी बोलायचंय. खरंच मनापासून देतायत की भिडेखातर, हे मला कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

घड्याळात साडेतीन झाले होते. तिकडे दिवस मावळत आला असणार. सूनबाईने लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. दोन्हीकडच्यांना अर्धीमुर्धी येणारी एक तिसरीच भाषा होती, पत्रव्यवहार त्याच भाषेत चालायचा. अप्पांना ती येत नव्हती. ताईंना येत होती, पण त्यांनी हाताची घडी घातली. "तूच कर भाषांतर. तुझंच प्रकरण आहे." 'तू' परत आलं होतं. सूनबाईने त्याची नोंद घेतली.

पडद्यावर आल्या त्या तिथल्या क्लबच्या अध्यक्षबाई, पेशाने सुईण. मागे पत्र्याची भिंत, आणि भिंतीला टेकून उभी एक मध्यमवयीन, जाड हातांची बाई. ती आमची नळ जोडणारी, असं सुईणबाईंनी सांगितलं. आधी पुराची चौकशी झाली. किती घरं गेली, माणसं सुखरूप आहेत ना. मग अप्पांनी विचारायला लावलं, हे पैसे कसे जमवले?

सूनबाई ऐकत गेली आणि सांगत गेली. "एक फुटबॉलचा सामना ठेवला, बायका विरुद्ध पुरुष. बायका जिंकल्या. तिकिटाला सगळा गाव. मग ज्याच्या घरी नळ आहे त्याने एका दिवसाची मजुरी दिली. कोणावर सक्ती नव्हती. दोन घरांनी दिली नाही, त्यांची नावं त्यांना चांगली पाठ आहेत म्हणतात."

दीर मोठ्याने हसला. अप्पांच्या ओठाची कड हलली. "भिडेखातर नाही ना, विचार."

तिने विचारलं.  सुईणबाई मागे वळून नळवालीशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. नळवालीने खांदे उडवले. मग सुईणबाई बोलू लागल्या, सावकाश, शब्द निवडून. सूनबाई ऐकता ऐकता थिजली.

"काय म्हणतायत?" अप्पांनी विचारलं.

तिच्या डोक्यात एका क्षणात दोन वाक्यं तयार झाली. एक खरं आणि एक गोड. गोड वाक्याने सही लगेच झाली असती. तिने ताईंकडे पाहिलं. ताईंनीही सगळं ऐकलं होतं. ताईंचा चेहरा उतरला होता. वडिलांचा मान जपायला ही बाई कोणाशीही भांडली असती, हे सूनबाईला पुरतं ठाऊक होतं.

ताई हळूच म्हणाल्या, "सांग त्यांना. नाहीतर मी सांगते."

"अप्पा," सूनबाई म्हणाली, "त्या म्हणतायत, आता आपण भागीदार होणार म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. तुम्ही टाकलेला नळ दुसऱ्याच हिवाळ्यात फुटला. पाणी आत गोठलं. पुढच्या वर्षी पुन्हा फुटला. मग त्यांनी सगळा उकरून काढला आणि नव्याने टाकला. तुम्ही दर वेळी जाऊन ज्या नळाजवळ फोटो काढायचात, तो तुमचा नळ नव्हे. त्यांचा होता."

 अप्पांचा हात टेबलावरच होता. तो त्यांनी उचलून मांडीवर घेतला, जणू तो कोणाच्या नजरेला पडू नये.

"इतकी वर्षं सांगितलं का नाही, विचार."

"विचारायची गरज नाही, अप्पा," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

पण तिने विचारलं, आणि सुईणबाईंचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. "म्हणाल्या, देणाऱ्याला चूक कशी दाखवणार? तुम्ही एवढ्या लांबून यायचात. तुम्हाला आनंद व्हायचा. आम्हाला तो मोडवला नाही."

अप्पांनी डोळे मिटले. पंचाऐंशीला टेकलेला माणूस. त्याला हे सांगून काय मिळवलं, असं सूनबाईच्या मनात येऊन गेलं. तिला लॅपटॉप बंद करावासा वाटला. सासूबाई खिडकीतून उठून नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे फुटला?" अप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

सूनबाईने विचारलं. या वेळी मागची नळवाली पुढे आली आणि तीच बोलू लागली. सुईणबाई तिचं बोलणं अर्ध्यामुर्ध्या भाषेत आणत होत्या, आणि सूनबाई तिथून पुढे.

"शाळेच्या खालच्या वळणावर."

"तिथे खडक लागला होता," अप्पा म्हणाले. आवाज खोल गेला होता. "मला ठाऊक होतं. गुडघ्याइतकंही खोल खणता आलं नाही. फोडायला आणखी आठ दिवस हवे होते आणि उद्घाटनाची तारीख ठरून गेली होती. इकडून सगळे यायचे होते. मी म्हटलं, चालून जाईल." ते थांबले. "हे मी कोणालाच सांगितलं नाही. हिलाही नाही."

 सासूबाईंनी टेबलावरचा चष्मा उचलला, पदराने पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

अप्पांनी तो घातला. पडद्याच्या जवळ तोंड नेऊन त्यांनी नळवालीकडे निरखून पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे आणि मग तिच्या हातांकडे.

"त्यांनी खडक कसा फोडला, विचार."

"फोडलाच नाही म्हणते. वळणच बदललं. नळ शाळेच्या वरच्या अंगाने नेला, लांब पडतो पण माती आहे. कमरेइतका खोल घातला आणि भोवती पेंढा आणि कोळशाची भुकटी भरली."

"कोळशाची भुकटी?" अप्पांचा आवाज बदलला. "ती ओल धरत नाही का? लोखंड खाऊन टाकेल."

प्रश्न तिकडे गेला. नळवाली हसली आणि लांबलचक काहीतरी बोलली, हातांनी जाडी दाखवत. सुईणबाईंनी ते सांगितलं, पण सूनबाईला त्यातले निम्मे शब्द येईनात. ताईंनी हाताची घडी सोडली आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "बाहेरून आणखी एक पाइप आहे म्हणते. पाइपात पाइप. भुकटी मोठ्या पाइपाच्या आत, कोरडी. लोखंड मातीला लागतच नाही."

"पाइपात पाइप," अप्पा पुटपुटले. "आणि टोकं कशाने बंद केली?"

सव्वाचार झाले होते. सूनबाईने अर्जाचं शेवटचं पान हळूच त्यांच्या हाताखाली सरकवलं. अप्पांनी ते पाहिलं. पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"एक अट आहे म्हणावं," ते म्हणाले. "कार्यशाळा चालू झाली की या बाईने इथे यायचं. थंडीतलं नळकाम आमच्या पोरांना शिकवायला. येण्याजाण्याचा खर्च क्लबचा आणि शिकवण्याची फी वेगळी. पाहुणी म्हणून नाही, मास्तरीण म्हणून. आणि जेवायला आमच्या घरी."

सुईणबाईंनी ते नळवालीला सांगितलं. नळवालीने आधी विश्वास न बसल्यासारखं पाहिलं आणि मग एक वाक्य उलट पाठवलं.

"फी किती, विचारतेय," ताई म्हणाल्या, आणि या वेळी खरंच हसल्या. "अप्पा, ही भागीदार होणार बरं का. घासाघीस करतेय."

अप्पांनी सही केली. त्याखाली ताईंनी केली, तारखेसकट, वकिली वळणाची. कागद घेऊन सूनबाई आतल्या खोलीत गेली. दीर तिच्या मागोमाग आला. पानं स्कॅन होईपर्यंत दोघं यंत्राकडे बघत उभे राहिले.

"मी मगाशी जास्त बोललो," तो म्हणाला.

"नाही, बरोबर बोललात. मी आधी सांगायला हवं होतं. मीही तेच केलं ना भाऊजी, तुमच्या भल्याचं काय ते मीच ठरवलं."

"उद्या सकाळी बाजारात जातो," दीर म्हणाला. "त्या मुलीला गाठतो. मंजुरीचं अजून काही खरं नाही, हेही सांगतो. तिचं तिला ठरवू दे, थांबायचं की नाही."

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी अर्ज पोचल्याची पावती आली. मंजुरी यायला पुढे अडीच महिने लागले आणि कार्यशाळेचं दार उघडायला त्याहून दोन जास्त. पण घरातली माणसं कार्यशाळेचा नवा जन्म मोजतात तो त्या रविवारपासूनच.

सूनबाई पावती दाखवायला बाहेर आली तर कोणी तिच्याकडे बघेना. नवऱ्याने कुठूनशी वही शोधून आणली होती आणि तो वडिलांना पेन्सिल तासून देत होता. अप्पा कागदावर वळण काढत होते, खोडत होते, पडद्याला दाखवत होते. नळवाली मान हलवून नाही म्हणत होती.

सासूबाई सुनेच्या कानाशी लागल्या. "एकोणीस वर्षं हा माणूस तिकडे जाऊन बोलून यायचा. आज पहिल्यांदा ऐकतोय." मग जरा थांबून, आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "उद्या मला तुझ्या आईकडे घेऊन चल. यंदाच्या विक्रीचं मला तिला विचारायचंय."

टेबलावरून नळवालीचा आवाज भरभर आला, त्यामागे सुईणबाईंचा आणि मग ताईंचा, अडखळत. अप्पांनी हात वर करून तिघींना थांबवलं.

"तिला म्हणावं, सावकाश सांग. मी लिहून घेतोय."